एक पीळ जास्त

गिरधर मिस्तरीला राग यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालं तर मग विचारायलाच नको. जळगावात नेरी नाक्याजवळ त्याचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या, आणि शेडच्या दाराशी एक मोडकी लाकडी खुर्ची, जिच्यावर गिऱ्हाइकाने बसून शिव्या खायच्या. कुणी गाडी घेऊन आलं की गिरधर आधी गाडीकडे बघे, मग माणसाकडे, आणि विचारे, "हिचे हे हाल कुणी केले?" उत्तर बहुतेक वेळा "मीच" असंच असे. मग पुढची दहा मिनिटं त्या माणसाचा यथेच्छ उद्धार होई. तरी लोक येत, कारण गिरधरने बसवलेलं पॅकिंग गळत नाही, अशी त्याची ख्याती भुसावळपर्यंत पोचली होती.

तो मूळचा पारोळ्याकडचा. कळत्या वयात धुळ्याला गेला आणि आग्रा रोडवरच्या एका ट्रकच्या गॅरेजात शिकला. तिथल्या उस्तादाने त्याला एकच गोष्ट ठोकून ठोकून शिकवली होती, की ढिला नट माणूस मारतो. गिरधरने ती इतकी मनावर घेतली की त्याने आवळलेला नट सोडवायला दुसऱ्या मिस्तरीला पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागे. त्यातही त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक परकं असेल तर नट नेहमीसारखा आवळायचा. माणूस आपला असेल तर वर एक पीळ जास्त द्यायचा. त्याचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत आणि कुणाला बोलूनही दाखवलं नाही, पण कुणावर त्याचा जीव आहे हे त्या गाडीच्या नटांवरून ओळखता आलं असतं. घरात तर कहरच होता. तानुबाईच्या फिरकीच्या बरण्या तो इतक्या मायेने बंद करी, की त्या उघडायला तिला शेजारच्या पहिलवानाला हाक मारावी लागे.

"कितलं आवळतस तुम्ही?" तानुबाई कपाळावर हात मारून म्हणे. "ती बरनी शे, ट्रक नही."

गिरधरच्या दोन मुलांपैकी एक वरणगावच्या फॅक्टरीत लागला होता आणि दुसरा पुण्याकडे. दोघांनाही बापाच्या हाताखाली दोन दिवस काढवले नाहीत. मुलगी नव्हती. आणि ती उणीव दलिचंद शेठच्या जतनने कधी भरून काढली हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

दलिचंद शेठचं दाणा बाजारात धान्याचं दुकान होतं. घर जैन, स्थानकवासी, दोनतीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं. त्यांच्या वडिलांनी, कन्हैयालाल शेठनी, भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याकडून जुनी शेवरलेट घेतली होती. एकावन्न सालची, काळी, भल्या थोरल्या नाकाची आणि स्टिअरिंगलाच गियर असलेली. गावातली निम्मी लग्नं त्या गाडीने पाहिली होती. म्हातारपणी कन्हैयालाल शेठनी एक दिवस गिरधरला बोलावलं आणि सांगितलं, माझ्या नातीला गाडी शिकव. घरात वादळ उठलं. सगळ्यात जास्त आवाज आजीचा, झमकूबाईंचा होता. मारवाड्याच्या घरची पोर मोटार हाकणार, मग तिला करणार कोण, असा त्यांचा सवाल. पण शेठ बधले नाहीत, आणि जिनिंग मिलच्या मोकळ्या मैदानात गिरधरने जतनला गाडी शिकवली.

शिकवली म्हणजे तिच्यावर ओरडला. क्लच असा सोडतात का, गियर म्हणजे काय खलबत्ता आहे का, समोर बघ, समोर बघ म्हटलं ना. बाकीच्यांनी असलं ऐकून रडून घर गाठलं असतं. जतन हसत सुटे. तिचं हसणं थांबेपर्यंत गिरधरचा राग जागच्या जागी निवून जाई, आणि मग तिच्यावर ओरडायचं काय होतं तेच त्याला आठवत नसे. थोड्याच दिवसांत ती पोर असल्या सफाईने गियर टाकू लागली की आवाजसुद्धा येत नसे. तिने बी. कॉम. केलं, आजोबा गेले, गाडी बरीचशी गोडाऊनमध्येच उभी राहू लागली, पण अधूनमधून जतन येई आणि म्हणे, "गिरधरकाका, चला, नशिराबादपर्यंत जाऊन येऊ." काका हातातलं काम टाकून निघे.

तर अशा या जतनने अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत दीक्षा घ्यायची ठरवली.

गिरधरला ही बातमी शेठनी स्वतः येऊन सांगितली. धुळ्याला महासतीजी, म्हणजे त्यांच्या साध्वी, मुक्कामाला होत्या, तिथे माघात दीक्षा होणार होती. शेठ सांगताना हसत होते आणि त्यांचे डोळे सुजलेले होते. दीक्षा घेतली की घर सुटणार, नाव सुटणार, आणि कुठल्याही वाहनात पुन्हा पाय ठेवायचा नाही. जन्मभर अनवाणी चालायचं. गिरधर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे धुळ्याहून मुंबईला जायचं तरी पायी?"

"पायीच," शेठ म्हणाले.

"आणि पाऊस आला तर?"

"चातुर्मासात चालत नाहीत. एका जागी राहतात."

गिरधरच्या मनात आलेलं शेठसमोर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून तो मागे जाऊन तानुबाईला बोलला. तिने त्याला गप्प केलं. दुसऱ्याच्या धर्मात आपण बोलू नये, म्हणाली. गिरधर म्हणाला, मी धर्मात बोलतच नाही, मी पोरीबद्दल बोलतोय. पण त्याला अजून पुढचं ठाऊक नव्हतं. दीक्षा घेणाऱ्या मुलीला आधीचे काही दिवस घरोघरी जेवायला बोलावतात, मिरवतात, आणि ती जे मागेल ते तिला देतात. जतनला विचारलं तर ती म्हणाली, मला काही खायचं नाही, काही ल्यायचं नाही. दादाजींची शेवरलेट मी स्वतः चालवत धुळ्याला नेणार. एवढंच.

हे ऐकलं आणि गिरधरच्या डोक्यात दिवा लागला. इथून धुळ्यापर्यंतचा रस्ता, गिरणेचा पूल, एरंडोलच्या पुढचा मोकळा पट्टा, आणि जतनच्या हातात ते मोठं चाक. एवढं चालवून झाल्यावर कोणती पोर खाली उतरून अनवाणी चालायला लागेल? ती धुळ्यापर्यंत पोचायच्या आतच गाडी फिरवेल, अशी त्याची खात्रीच झाली. त्याने हे तानुबाईलाही सांगितलं नाही. फक्त शेवरलेट धड चालली पाहिजे होती.

आणि शेवरलेट गळत होती.

त्या इंजिनाला दोन झाकणं. एक वर, टॅपेटवर, आणि एक बाजूला, उभं, पातळ पत्र्याचं. दोन्हींच्या खाली कार्कचं पॅकिंग. बाजूचं काढायचं तर आधी वरचं काढा, प्लग काढा, वायरी काढा, आणि एवढं करून हात आत घातला की कोपर सोलून निघायचं. गाडी बंद पडून राहिल्यामुळे कार्क वाळून बिस्किटासारखा झाला होता आणि दोन्ही झाकणांच्या कडेने तेल झिरपत होतं. चालवायला तशी हरकत नव्हती. जुन्या गाड्या गळतातच. वर तेल ओतायचं आणि जायचं.

पण झमकूबाई काठी टेकत गोडाऊनमध्ये आल्या आणि त्यांनी गाडीखालचा फरशीवरचा डाग दाखवला. त्या तेलात मुंग्यांची अख्खी रांग चिकटून मेली होती. शेजारी एक पाकोळी होती.

"दीक्षेला जाणारी गाडी अशी रस्ताभर जीव मारत जाणार?" झमकूबाई म्हणाल्या. "एक थेंब खाली पडता कामा नये, गिरधर. पडत असेल तर पोर बसने जाईल."

"माजी, गाडी म्हटलं की थेंब पडणारच."

"मग बसने जाईल."

गिरधर दात-ओठ खात गाडी ओढून गॅरेजात घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ रिक्षाने झमकूबाई आल्या आणि त्या मोडक्या खुर्चीवर बसल्या. त्या दिवसापासून ही बाई रोज सकाळी यायची आणि उन्हं कलेपर्यंत बसायची. बरोबर गाळलेल्या पाण्याचा तांब्या, माळ, आणि अखंड प्रश्न. हे काय काढलंस? ते का काढलंस? अजून किती वेळ? गिरधरच्या गॅरेजात बसून गिरधरलाच बोलणारं माणूस आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बाकीची गिऱ्हाइकं रस्त्याच्या पलीकडे चहाच्या गाडीवर उभी राहून मजा बघत.

त्याने कार्कची नवी शीट आणली, झाकणं त्यावर ठेवून पॅकिंग कापलं, आणि शेलॅकची बाटली उघडली. पॅकिंग चिकटवायला सगळे मिस्तरी तेच वापरतात.

"हे काय?" खुर्चीतून आवाज आला.

"शेलॅक. म्हणजे लाख हो, माजी. स्पिरिटमध्ये विरघळवलेली."

"लाख किड्यांची असते."

गिरधर थांबला. हे त्याला ठाऊक होतं, पण असं कधी कुणी समोर मांडलं नव्हतं.

"हजारो किडे मरतात तेव्हा मूठभर लाख होते," झमकूबाई म्हणाल्या. "लाखेची बांगडी मी तरुणपणी महासतीजींसमोर नियम घेऊन सोडली. आमच्या गाडीला ती लागणार नाही."

"मग ग्रीस लावतो."

"त्यात चरबी असते."

"माजी, मग काय लावू? तूप लावू?"

"काही लावू नको. तू एवढा मोठा मिस्तरी, नुसतं बसव."

मुंबईला ट्यूबमधून काही रबरासारखं मिळतं, असं तो ऐकून होता. पण ते कुणी आणायचं, कधी पोचायचं, आणि त्यात काय असतं हे या बाईला कुणी पटवायचं? त्याने कोरडंच पॅकिंग बसवलं. लाख नाही तर नाही, हात तर आपला आहे. त्याने एकेक स्क्रू नीट आवळला. मग जतनची गाडी म्हणून वर एक पीळ जास्त दिला. इंजिन सुरू केलं, तापवलं, आणि झमकूबाईंनी घरून आणलेला पांढरा पंचा खाली अंथरला. थोड्या वेळाने पंच्यावर थेंब आला.

"पडला," झमकूबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

त्याने अजून पीळ दिला. थेंबांची धार झाली. झाकण काढून बघितलं तर नवाकोरा कार्क मधोमध फाटलेला. पुन्हा शीट, पुन्हा कापाकापी, पुन्हा कोपर सोललेलं. यावेळी त्याने दोन पीळ जास्त दिले, एक जतनसाठी आणि एक स्वतःच्या समाधानासाठी. पंच्यावर यावेळी मोठा डाग पडला, आणि झमकूबाईंनी तो पंचा उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"मनं डोकं फिरी गयं," गिरधर बोलला. भडकला की त्याच्या तोंडात अहिराणीच यायची. "बठ्ठं तेल खाले उनं. आते मी काय करू? माजी, तुम्ही घर जा. तुम्ही बठनात की हाई गाडी जास्त गयस."

"माझ्या बसण्याने गाडी गळत नाही. मी कुठेही जाणार नाही. तू काम कर."

पंचवीस वर्षं त्याने गाड्यांना पॅकिंगं बसवली होती आणि एका म्हातारीसमोर एक पत्र्याचं झाकण त्याला दाद देईना. ज्या मिस्तरींना त्याने आजवर नावं ठेवली ते आता येताजाता विचारून जात, काय गिरधरभाऊ, गाडी झाली का? त्याला झोप लागेना आणि जेवण गोड लागेना. दिवस संपत आले होते. पोर बसने गेली असती तर खिडकीतून रस्ता बघत गेली असती, आणि बसमधून उतरणाऱ्या माणसाला काय, चालणं काही नवं नसतं. तिचे हात चाकावर असायलाच हवे होते.

शेवटी एका सकाळी झमकूबाई कुणाकडे तरी मानाच्या जेवणाला अडकल्या असताना गिरधरने लाख लावली. दाराकडे पाठ करून, चोरासारखी, दोन्ही झाकणांना जाडजूड थर दिला. तरी झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नव्हतं, पण लाखेने ती फट भरून काढली. इंजिन तापवलं. पंचा कोरा राहिला. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि वळला तर दारात जतन उभी. जरीची साडी, कोपरापर्यंत मेंदी, गळ्यात हार. मिरवणुकीतूनच आली होती.

"झाली का हो काका?"

"झाली."

तिने वाकून इंजिनाकडे बघितलं. वास घेतला. मग सरळ विचारलं, "लाख लावली का?"

नाही म्हणायला काय जात होतं? गिरधर शंभर गिऱ्हाइकांशी रोज खोटं बोलायचा. उद्या देतो म्हणून आठवडा लावायचा. पण या पोरीशी त्याला ते जमेना. "हो," तो म्हणाला.

"मग काढून टाका."

"जतनबाई, कुणाला कळणार नाही."

"मला कळलं ना."

मग मात्र गिरधरचा संयम सुटला. तो तिच्यावर ओरडला, तिच्या आजीवर ओरडला, किड्यांवर, कार्कवर, शेवरलेट बनवणाऱ्या लोकांवर ओरडला. तुला चालत जायची एवढी हौस आहे तर आताच जा ना, म्हणाला. असं म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेला. जतन हसली नाही. ती हार सांभाळत त्या मोडक्या खुर्चीवर बसली आणि त्याचं बोलून होईपर्यंत थांबली. त्याने पाना घेतला, झाकण काढलं, स्पिरिटने लाख पुसली आणि रागाच्या भरात ते बाजूचं झाकण दाराच्या दगडी पायरीवर टाकलं. झाकण पायरीवर पडून डुगडुगलं.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. सपाट दगडावर सपाट झाकण डुगडुगायला नको होतं.

गिरधर खाली बसला आणि बोटाने कड दाबून बघू लागला. जिथे जिथे स्क्रू होता तिथे तिथे पत्रा आत दबला होता आणि दोन स्क्रूंच्या मधे वर उचलला गेला होता. असा पत्रा एका दिवसात वाकत नाही. कन्हैयालाल शेठच्या वेळेपासून ही गाडी त्याच्याच हातात होती. दरवेळी आपली गाडी म्हणून एक पीळ जास्त, दरवेळी एक पीळ जास्त. त्यानेच ते झाकण वर्षानुवर्षं वाकवत आणलं होतं, आणि या आठवड्यात उरलंसुरलं वाकवून ठेवलं होतं. ज्यांच्या गाड्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, त्यांची झाकणं आजही सरळ होती.

"काय झालं?" जतनने विचारलं.

"मीच केलं," गिरधर म्हणाला. दुसऱ्याला जे बोलतो ते स्वतःला बोलायची पाळी आली होती.

त्याने झाकण ऐरणीवर घेतलं, लाकडी हातोड्याने हलके हलके ठोकून कड सरळ केली. पायरीवर ठेवून बघितलं, पुन्हा ठोकलं. दुसरंही तसंच. मग नवा कार्क कापून पाण्यात भिजत टाकला, म्हणजे तो फुगून मऊ होतो. कोरडं पॅकिंग बसवायची ही जुनी तऱ्हा त्याला ठाऊक होती, पण जोराच्या भरवशावर त्याने ती कधी वापरली नव्हती. झाकण बसवलं, स्क्रू हाताने लावले, पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"तू आवळ," तो जतनला म्हणाला. "माझ्या हाताला कळत नाही कुठे थांबायचं."

जतनने पदर खोचला आणि मेंदीच्या दोन बोटांत पाना धरला. एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा. गिरधर शेजारी उभा राहून नुसतं बघत होता, आणि प्रत्येक स्क्रूला त्याचे हात शिवशिवत होते. अजून थोडं, असं शंभर वेळा त्याच्या तोंडावर आलं. "बस," ती म्हणाली. एवढ्याने काय होतंय, असं त्याला मनातून वाटत होतं. इंजिन तापलं, पंखा घरघरला, पंचा कोरा राहिला. संध्याकाळी झमकूबाई आल्या. त्यांनी पंचा उलटसुलट करून बघितला, आणि लाख लावली नाही ना, असं नातीला विचारलं. नाही, ती म्हणाली. तिच्या शब्दावर त्या घरी गेल्या.

निघायच्या दिवशी घरची माणसं मेटाडोरने पुढे गेली. शेवरलेटमध्ये तिघंच. चाकावर जतन, शेजारी गिरधर, मागे झमकूबाई आणि त्यांचा पंचा. पाळधी गेलं, एरंडोल आलं. झमकूबाईंनी थांबायला सांगितलं, उतरल्या, पंचा अंथरला. गिरधरलाही गुडघे टेकून वाकावं लागलं. कोरा. पारोळ्याला पुन्हा तोच सोपस्कार, पुन्हा कोरा. गिरधर मनातल्या मनात चरफडला, कारण त्याला पंच्याशी आता काही घेणं नव्हतं. तो जतनकडे बघत होता.

आणि जतन अशी चालवत होती की काय सांगावं. एरंडोलच्या पुढे रस्ता मोकळा लागला तशी तिने गाडी सोडली. काच खाली, केस उडतायत, समोरून ट्रक आला की एका हाताने चाक वळवून बाजू देतेय, आणि गालात हसतेय. कापसाच्या बैलगाड्या मागे पडत होत्या. एका ट्रकवाल्याने बाई चालवतेय बघून हॉर्न वाजवला, तर हिनेही वाजवला. गिरधरच्या छातीत आनंद मावेना. फिरली, तो स्वतःशी म्हणाला. ही आता फिरली. असा आनंद सोडून कुणी जात नसतं.

धुळं दिसायला लागलं तसा जतनने वेग कमी केला. एका लिंबाच्या झाडाखाली गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिली. मागे झमकूबाईंची माळ थांबली होती. गिरधरला वाटलं, हीच वेळ.

"जतन," तो म्हणाला. बाई म्हणायचं त्याला सुचलं नाही. "अजून वखत शे. गाडी फिराव. कोन्ही काही म्हननार नही. मी शे ना."

ती त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं.

"काका, मला कंटाळा आला म्हणून मी सोडत नाहीये. नावडतं तर कुणीही टाकतं. मला वाटत होतं, माझ्याकडे टाकण्यासारखं काही नाहीच. साड्या, दागिने मला कधी नकोच होते. महासतीजींनी काय सोडणार म्हणून विचारलं तेव्हा मला ही गाडी आठवली. तुम्ही ती एवढी चांगली करून दिलीत."

मग तिने किल्ली फिरवली आणि गाडी धुळ्याच्या दिशेने घातली. महासतीजी उतरल्या होत्या त्या जैन स्थानकासमोर माणसं गर्दी करून उभी होती. ती उतरली आणि किल्ली गिरधरच्या हातात दिली. तिने मागे वळून गाडीकडे बघितलं नाही. गिरधर मात्र तिच्याकडे बघत तिथेच उभा राहिला, लोक त्याला बाजूला व्हायला सांगत होते तरी.

दुसऱ्या दिवशी दीक्षा झाली. जरीच्या साडीत आत गेलेली पोर पांढऱ्या कपड्यांत बाहेर आली, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, डोक्यावर केस नाहीत. जयजयकार झाला. दलिचंद शेठ हात जोडून उभे होते आणि लोक त्यांना धन्य म्हणत होते. झमकूबाईंना तर बायका वाकून वाकून नमस्कार करत होत्या. अशी नात असायला पुण्य लागतं, म्हणत होत्या. म्हातारी ताठ बसून सगळ्यांचे नमस्कार घेत होती. गिरधरला त्या ताठपणाचा भयंकर राग आला.

परतताना सगळे मेटाडोरमध्ये बसले. झमकूबाई म्हणाल्या, मी शेवरलेटने येईन. गिरधरने मागचं दार उघडलं, तर त्या पुढे येऊन बसल्या, त्याच्या शेजारी. पंचा घडी करून मांडीवर ठेवला होता. पारोळा गेलं, तरी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली नाही.

"माजी, बघायचं नाही का खाली?" गिरधरने जरा कुचकटपणेच विचारलं.

"नको."

एरंडोल मागे पडलं. मग झमकूबाई समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मी रोज तुझ्या दारात का येऊन बसत होते, ठाऊक आहे तुला?"

"माझं डोकं खायला."

"गाडी वेळेत व्हावी म्हणून. तू चिडका. तुझ्यावर सोडलं असतं तर हात झटकून मोकळा झाला असतास." त्यांनी पंच्याची घडी सारखी केली. "मला वाटलं होतं, एकदा हातात चाक आलं की पोर फिरेल."

गिरधरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"मालेबी तेच वाटनं व्हतं, माजी," तो म्हणाला. मग त्याला राहवेना. "मग लाखेला कशाला अडून बसलात? माझे ते दिवस गेले. लावू दिली असती तर तिला चालवायला चार दिवस जास्त मिळाले असते."

"नियम नियमाच्या जागी," झमकूबाई म्हणाल्या. "पोर पोरीच्या जागी. मला दोन्ही हवं होतं."

त्यांनी मांडीवरचा पंचा उघडला आणि त्यात तोंड खुपसून त्या रडल्या. आवाज न करता, पाठ हलत होती तेवढीच. त्याच्या गॅरेजात कुणी रडलं तर तो त्याच्यावर ओरडायचा. त्याने गाडी हळू केली आणि हातगाड्यांमागून, बैलगाड्यांमागून, कुणालाही न ओलांडता चालवत राहिला.

गिरणेचा पूल आला तेव्हा झमकूबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला, कपाळावरून हात फिरवला.

"गिरधर, हे घरी कुणाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "तिथे गेल्यावर मला पेढे वाटायचे आहेत."